कारंज्याचे कप्तान सागरनाथ

पुण्याहून प्रकाशकांचं पत्र आलं तेव्हा मी रुईच्या गाठीवर छाप मारत होतो. कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मी कारकून होतो. कास्तकारांची कपाशी यायची, सरकी वेगळी निघायची, रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जायच्या आणि त्या गाठींवर ज्या त्या मुलखाच्या खुणा शाईनं उमटवायचं काम माझ्याकडे होतं. गाठ इथून छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला जाई, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, आणि मुंबईहून बोटीत बसून थेट विलायतेला, नाहीतर जपानला. दर हंगामात माझ्या हाताखालून गेलेल्या गाठींनी समुद्र पाहिला. मी मूर्तिजापूर पाहिलं होतं.

आणि तरीही, सांगायला संकोच वाटतो पण फारसा नाही, समुद्रावरच्या साहसकथा लिहिणाऱ्यांत त्या वर्षी सगळ्यांत जास्त खपणारं नाव माझं होतं. म्हणजे, माझं नव्हतं. माझं नाव शालिग्राम. पहिली कादंबरी पाठवली तेव्हाच प्रकाशकांनी कळवलं होतं, की शालिग्राम हा दगड आहे आणि दगड पाण्यात बुडतो हे वाचकांना ठाऊक असतं. त्यांनी माझं परस्पर बारसं करून टाकलं : कप्तान सागरनाथ. पुढे जाहिरातीत त्यांनी आपल्या मनानं भर घातली, की सदर लेखकानं ऐन उमेदीची वर्षं गलबतावर काढली असून त्याच्या पाठीवर चाच्याच्या तलवारीचा वण आहे. माझ्या पाठीवर एक वण आहे. तो लहानपणी बाभळीवरून पडल्याचा आहे.

माझा नायक भुजंगराव तांडेल, आणि त्याचं जहाज 'विजयमाला'. हे जहाज सहा कादंबऱ्यांत चार वेळा फुटलं होतं, तरी लोकांचं मन भरत नव्हतं. गावच्या वाचनालयातली 'मगरबेटाचा कैदी' इतकी वाचली गेली होती, की तिची पानं सुटून पत्त्यांच्या जोडासारखी झाली होती आणि वाचक ती पिसून मिळतील तशी वाचत. तेवढ्यानंही कोणाचं अडत नव्हतं, हे मात्र मला जरा लागलं. त्याहून लागलं ते हे, की हा सागरनाथ म्हणजे मीच, असं मी जेव्हा जेव्हा कोणाला सुचवलं, तेव्हा तेव्हा ऐकणाऱ्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "शालिग्रामभाऊ, तुमी तर विहिरीत वाकून पाह्यलं तरी गरगरता," असं आमच्या शेजारच्या चतुराबाईंनी तोंडावर सांगितलं. ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून काय तोंडावर सांगावं?

आता मी समुद्र आणला कुठून, हा प्रश्न कोणालाही पडेल. जिनाच्या आवारात पौषात कपाशीचे ढीग लागत, दुमजली घराएवढे. कामगार घरी गेल्यावर मी कधीकधी त्या ढिगावर चढून उभा राही. वारा सुटला की वरची कपाशी हलायची. चहूकडे पांढरंशुभ्र, वरखाली होणारं, पार कुंपणापर्यंत. तेवढ्यावर मी सहा कादंबऱ्या लिहिल्या. पण दर वेळी खाली उतरताना वाटायचं, खरा तो कसा दिसत असेल? त्याला वास असतो म्हणतात. कसला?

हे सांगू शकेल असा गावात एकच माणूस होता, पेन्शनर हवालदार रतनसिंग. मोठ्या लढाईत सरकारनं त्यांना बोटीत घालून बसऱ्याला नेलं होतं आणि परत आणलं होतं. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो, पेन्सिल परजून.

"रतनसिंगजी, समुद्र कसा असतो?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिशी कुरवाळली. मला वाटलं, आता ओघ सुरू होणार.

"बालटीसारखा," ते म्हणाले.

बोट सुटल्यापासून बसऱ्यापर्यंत आणि बसऱ्यापासून परत मुंबईपर्यंत रतनसिंग बोटीच्या पोटात एका बादलीत तोंड घालून ओकत पडले होते. बादलीचं त्यांनी फार बारीक वर्णन केलं. ते मी कुठं वापरू शकलो नाही.

तर, ते पत्र. प्रकाशकांनी लिहिलं होतं, की सातव्या कादंबरीच्या पहिल्या पानावर लेखकाची तसबीर पाहिजेच. वाचक ऐकत नाहीत. तसबीर जहाजावर काढलेली असावी, अंगात कप्तानाचा कोट असावा, मागे पाणी दिसावं आणि जहाजावर 'विजयमाला' हे नाव वाचता यावं. 'आपल्यासारख्या दर्यावर्दी माणसास यात काय अवघड!' असा शेवट होता. माणूस आपल्याच जाहिरातीवर विश्वास ठेवू लागला, की त्याच्यापुढे इलाज नसतो.

मी ते पत्र घरी नेलं. पंचफुला, म्हणजे माझी बायको, चुलीपुढे ज्वारीची भाकर थापत होती. मी वाचून दाखवलं. तिनं भाकर तव्यावर टाकली आणि विचारलं, "मंग आपुन मुंबईले जाणार का?"

हा प्रश्न आमच्या घरात जुना होता. लग्न झालं त्या वर्षी मी तिला म्हणालो होतो, की एकदा मुंबईला जाऊ आणि समुद्र पाहू. मग जिनाचा हंगाम आला. मग तिची आई आजारी पडली. मग माझी पहिली कादंबरी आली, आणि पुढे समुद्राबद्दल लिहिण्यातच इतका वेळ जाऊ लागला, की समुद्राकडे जायला सवड होईना.

"हंगामात रजा मिळत नाही," मी म्हणालो. "इथंच काहीतरी करू. एक छोटीशी नाव बनवू, तलावात सोडू, फोटो काढू. एका दिवसाचं काम."

"बरं," ती म्हणाली आणि भाकर उलटली. ती जरा करपली होती.

एका दिवसाच्या कामाची सुरुवात इब्राहीमच्या कारखान्यात झाली. इब्राहीम बैलगाड्या बनवायचा, आणि त्याची गाडी कामरगावच्या खडकाळ वाटेनंही मोडत नसे. नाव त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पण त्यानं मला शब्द पुरा करू दिला नाही.

"समजलो, समजलो. देखो शालिग्रामभाऊ, नाव म्हंजे गाडीच. फकत चाकं नाई, अन् बैल नाई."

"मग ती चालणार कशी?"

"थे तुमचं पाहा. कप्तान तुमी."

नाव तयार होत असताना सगळी गल्ली तिथं सल्ला द्यायला जाऊन आली. एकाचं म्हणणं पडलं, की तळाला दोन भोकं ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट राहील. दुसऱ्यानं ती भोकं बाहेरचं पाणी आत येण्यासाठीही उघडी राहतील, अशी शंका काढली, त्यावर दोघांचं बोलणं बंद झालं, ते पुढच्या दिवाळीपर्यंत. रतनसिंगांनी येऊन मजबुती तपासली आणि एकच सूचना केली : "बालटी ठेवजा." मी डांबर पाहत उभा होतो. इब्राहीम फटींत डांबर भरत होता आणि त्या वासानं मला उगीचच भरून येत होतं. खरी गलबतंही डांबरानंच माखतात. तेवढा एक वास तरी मला मिळाला होता.

नावाला नाव घालायची वेळ आली तेव्हा इब्राहीमनं मोठ्या उत्साहानं अक्षरं काढायला घेतली. उत्साह इतका, की 'विजयमा' एवढ्यातच फळी संपली. 'ला' त्यानं वळवून मागच्या बाजूला नेला. चतुराबाईंनी ते पाहिलं आणि तशाच आमच्या घरी गेल्या.

"पंचफुले, तुह्या नवऱ्यानं नावेवर एका बाईचं नाव लिवलं वं. विजयमा म्हणते. अर्धंच लिवलं, लोकाले समजू नाई म्हणून."

पंचफुला शांतपणे म्हणाली, "मले मालूम हाये थे. सहा वर्सांपासून तिच्याच संगं असतात थे."

हे चतुराबाईंनी गावभर सांगितलं. पुढचे काही दिवस जिनातले हमालही माझ्याकडे नव्या आदरानं पाहत होते. आयुष्यभर सचोटीनं वागून जे मला लाभलं नव्हतं ते एका जहाजानं मिळवून दिलं. पण पंचफुला ते वाक्य हसून म्हणाली होती की नाही, हे चतुराबाईंना आठवेना.

कोटासाठी मी रज्जाकमियाँकडे गेलो. रज्जाकमियाँ लग्नात बँड वाजवत आणि त्यांच्याजवळ एक निळा, सोनेरी झालरीचा कोट होता. त्यांनी कोट झटकून माझ्यापुढे धरला, मी हात घालायला गेलो, तसा मागे ओढला.

"कोट देतो. पर हा कोट अकेला कुठी जात नाई. कोटासंगं बँड येते."

"अहो, फोटोला बँड कशाला?"

"कोटाची इज्जत असते, शालिग्रामभाऊ."

माझीही असते, असं म्हणायचं होतं, पण थंडी होती आणि कोट उबदार दिसत होता. बँड ठरला.

राहिली परवानगी. तलावाचा कारभार पाहणाऱ्या एका छोट्या कचेरीत उकंडराव नावाचे हेडक्लार्क बसत. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक, पण कायद्याला पक्के. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"तलावात काय काय घालाले परवानगी हाये, थे इथं लिवलेलं हाये. म्हैस, बैल, घोडा, धुणं, अन् शिंगाड्याचे वेल. नाव नाई."

"मग नाव असा एक नवा मथळा काढा."

"नवा मथळा वरतून मंजूर होऊन येते. तवरक तलाव आटून जाईन." ते विचारात पडले. माणूस मुळात भला होता. "तुमची नाव, थे पाण्यात गेली का बुडते, का पवते?"

"पोहते... म्हणजे तरंगते."

"बाहेर काढली का कोरडी होते?"

"हो."

"रंग?"

"डांबर लावलंय. काळा."

"मंग म्हैसच झाली ना थे!" उकंडरावांचा चेहरा उजळला. त्यांनी टाक बुडवला आणि माझ्या सात समुद्र गाजवलेल्या जहाजाची नोंद 'एक म्हैस, लाकडी' अशी केली. दुभती की भाकड, हेही त्यांनी विचारलं. मी भाकड म्हणालो. मी सहीच्या जागी मुकाट सही केली. भुजंगराव तांडेलानं पोर्तुगीजांपुढे मान तुकवली नव्हती.

संक्रांत उलटल्यावरच्या रविवारी सारा जथा तलावावर निघाला. इब्राहीमनं नाव बैलगाडीवर चढवली होती, त्यामुळे गाडीवर गाडी ठेवल्यासारखं दिसत होतं. पुढे रज्जाकमियाँचा बँड. त्यांना समुद्राला साजेसं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी वरातीचं वाजवलं. मागे मी, निळ्या कोटात. बाह्या बोटांच्या पुढे आलेल्या. लोक ओट्यांवर येऊन विचारत, "नवरदेव कोण हाये?" आणि माझ्याकडे पाहून म्हणत, "या वयात?"

अकोल्याचा फोटोग्राफर आधीच येऊन तिपाईवर कॅमेरा लावून, काळ्या फडक्यात डोकं घालून बसला होता. चतुराबाईंनी नावेला हळदकुंकू लावून नारळ फोडला, म्हणजे फोडायला नावेवर आपटला. नारळ फुटला नाही. फळी चिरली. इब्राहीम म्हणाला, "कुछ नाई, लकडी बोलते थोडी," आणि त्यावर डांबराचा एक गोळा दाबला.

नाव पाण्यात उतरली आणि खरोखर तरंगली. मी कबूल करतो, त्या क्षणी मला बँड, लोक, कोट, सगळ्याचा विसर पडला. ती हलत होती. कपाशीच्या ढिगासारखी नाही. वेगळी, खालून कोणीतरी श्वास घेतल्यासारखी. मी पाय आत टाकला.

ती डावीकडे कलंडली. मी उजवीकडे सरकलो, ती तरी डावीकडेच. गाडीच्या हिशोबानं इब्राहीमनं हाकणाऱ्याची बैठक एका अंगाला जड केली होती. फोटोग्राफर फडक्यातून ओरडला, "वाकडे दिसताय! कप्तान वाकडा चालणार नाही!" सरकीचं पोतं आणून उजवीकडे ठेवलं, तर उजवीकडे पाणी आत आलं. मग ठरलं, की पोत्याऐवजी माणूस बसवावा, फळीच्या खाली वाकून, म्हणजे फोटोत दिसणार नाही. माणूस कोण, असं रतनसिंगांनी कवायतीच्या आवाजात विचारलं. सगळा जमाव एक पाऊल मागे सरला. रतनसिंग दोन पावलं सरले.

"मी बसतो," पंचफुला म्हणाली. आमच्याकडे बायाही 'बसतो'च म्हणतात.

मी नको म्हणायच्या आत तिनं पदर खोचला आणि नावेत उतरली. नाव सरळ झाली. इतकी सरळ, की जणू तिच्याच वजनाचा हिशोब करून बनवली असावी. ती फळीआड दडून बसली. मी उभा राहिलो, छाती पुढे काढली, एक हात कपाळाशी नेऊन दूरवर पाहिलं. दूरवर उकंडराव धोतर सावरत म्हशीची नोंद तपासायला येत होते.

"हलू नका!" फोटोग्राफर ओरडला. मी हललो नाही. नाव हलली. नाव काठाशी बांधलेल्या दोराला रतनसिंगांनी स्वतःच्या हातानं फौजी गाठ मारली होती आणि ती फौजी शिस्तीनं, एकदम सुटली. वारा मागून होता. पाय घसरला तशी मी ओरडलो, पंचफुला दचकून उठली आणि तिनं माझी बाही धरली. तेवढ्यात कॅमेऱ्याचं काम झालं होतं. काठ आमच्यापासून सावकाश दूर जाऊ लागला. बँडला वाटलं, ठरल्याप्रमाणे चाललंय. त्यांनी वरात जोरात केली.

वल्हं नव्हतं. वल्ह्याची कोणालाच आठवण झाली नव्हती, मलाही नाही. आणि मी वल्ह्यांवर अख्खं एक प्रकरण लिहिलं होतं. काठावरून सल्ले येत होते, पण वाऱ्यात ते फुटून पोचत. 'हात', 'नका', 'बालटी' एवढं कळलं. थोड्या वेळानं तेही कळेना. तलावाच्या मधोमध येऊन नाव थबकली आणि स्वतःभोवती हळूहळू फिरू लागली. मी कडेला गच्च धरून डोळे मिटून बसलो होतो.

"डोये उघडा," पंचफुला म्हणाली. "चांगलं हाये."

मी एक डोळा उघडला. पाण्यावर ऊन मोडून पडलं होतं. पलीकडच्या बाभळी, देवळाचं शिखर, सगळं गाव आमच्याभोवती गोल फिरत होतं.

"आता कसं जायचं काठावर?" मी म्हणालो.

"इतक्या लवकर कायले?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती हात पाण्यात सोडून बसली होती, जत्रेत पाळण्यात बसावं तशी.

"तुमचा भुजंगराव काय करते, काठ दिसेनासा झाला का?"

"तुला काय ठाऊक भुजंगराव?"

"आख्ख्या गल्लीले मालूम हाये. चतुराबाईचा लेक मोठ्यानं वाचते, अन् बाया आयकतात. मी भितीले कान लावून आयकतो. तुमी मले कधी सांगत नाई."

"तू कधी विचारलं नाहीस."

"कोणाले विचारू? तुमी घरी कुठी असता? दिवेलागण झाली का निंगून जाता. कागद पुढी घेता अन् गेलेच. मी जेवाले हाका मारतो, तुमी तिकडून 'हो' म्हणता, मगरबेटावरून. मी आपली काठावर. रोज." ती रागावून बोलत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला मला उत्तर देता येतं. "मले वाटे, एक डाव मलेही नेतीन. बसाले जागा तं असन ना येवढ्या मोठ्या जहाजात?"

नाव फिरत होती. वादळ, दगाफटका, तोफा, सगळ्या प्रसंगांची वाक्यं मला येत होती. मी कोटाची लांब बाही दुमडली आणि तिच्यासारखाच हात पाण्यात सोडला. पाणी गार होतं. आम्ही तसेच बसून राहिलो, आणि खरं सांगतो, कोणी येऊ नये असं मला वाटत होतं.

पण ऊन उतरायला लागलं, तशी सेवालालच्या म्हशी पाण्यावर आल्या. सेवालाल बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, गावच्या म्हशी राखायचा. काठावरच्या गर्दीनं त्याला आमच्याकडे बोट दाखवलं. त्यानं काही न विचारता एका थोराड म्हशीला पाण्यात घातलं, तिच्या पाठीवर पालथा पडून आमच्यापर्यंत आला आणि सुटलेला दोर तिच्या शिंगांना बांधला. म्हैस वळली. मराठीतलं सर्वांत गाजलेलं जहाज म्हशीच्या मागे काठाकडे निघालं. उकंडराव आनंदानं टाळ्या वाजवत होते. "म्हशीमांगं म्हैस!" ते सगळ्यांना समजावून सांगत होते, "बरोबर बसते कायद्यात!"

मला त्याचा अपमान वाटायला हवा होता. मी मागे वळून तलावाचा मधला भाग पाहत होतो. पंचफुलाही तिकडेच पाहत होती.

फोटोत आम्ही दोघं आलो होतो. मी तोंड उघडं टाकून ओरडतोय, पंचफुला अर्धी उठून माझी बाही धरतेय, बाजूला 'विजयमा'. मी तसाच पुण्याला पाठवला. सातवी कादंबरी निघाली तेव्हा पहिलं पान उघडून पाहतो, तर प्रकाशकांनी पंचफुलाला कापून काढलं होतं. कप्तानाला घरचं माणूस शोभत नाही, असं त्यांचं मत पडलं. पण हात तेवढा राहिला होता. माझ्या बाहीवर बांगड्या भरलेला एक हात, आणि पुढे काही नाही. खाली छापलं होतं : 'वादळात गर्जना करताना कप्तान सागरनाथ'.

आणि तो हात गाजला. प्रकाशकांकडे पत्रांचा पाऊस पडला. हा हात कोणाचा? बंदिवान राजकन्येचा? बुडणाऱ्या गलबतातल्या अनाथ सुंदरीचा? पुस्तक हातोहात संपलं. प्रकाशकांनी मला तातडीनं कळवलं, की आठवी कादंबरी त्या हातावरच पाहिजे. हाताची मालकीण पोर्तुगीज सुभेदाराची मुलगी असल्यास उत्तम.

मी ते पंचफुलाला वाचून दाखवलं. ती खूप हसली. सुभेदाराची मुलगी म्हणून तिनं चुलीतलं लाकूड मोठ्या ऐटीत मागं सारलं. मग पुस्तक हातात घेतलं, त्या चित्रावरून बोट फिरवलं आणि पुटपुटली, "पाहा ना. माहा हातच गेला फकत. मी राह्यली इथंच."

तिनं पुस्तक परत दिलं आणि उठून तांदूळ निवडायला बसली. मी कागद पुढे घेतला नाही. दिवेलागण झाली, दिवा लागला, तरी घेतला नाही. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं, "बरं नाई वाटून राह्यलं का?"

"वैशाखात जिन बंद होतो," मी म्हणालो. "तेव्हा मुंबईला जाऊ."

ती तांदूळ निवडत राहिली. असं मी पूर्वीही म्हणालो होतो.

पण वैशाखात आम्ही खरंच छोट्या गाडीत बसलो. स्टेशनवर गल्ली लोटली होती. चतुराबाईंनी समुद्राचं पाणी आणायला बाटली दिली. रतनसिंग एक बादली देऊन गेले. मूर्तिजापूर आलं, गेलं. माझ्या गाठी ज्या वाटेनं जायच्या त्याच वाटेनं आम्ही रात्रभर बसून गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका टांगेवाल्याला म्हणालो, समुद्रावर घे.

त्यानं माहीमला नेऊन सोडलं आणि तो निघून गेला. आम्ही पुढे होऊन पाहिलं.

चिखल होता. काळे खडक, त्यांच्यात साचलेली डबकी, कुशीवर पडलेल्या दोन होड्या आणि चिखलात काहीतरी वेचणाऱ्या बाया. फार लांब, डोळे बारीक केले तर, एक चकाकणारी रेघ. समुद्र घरी नव्हता.

मी इतकी वर्षं वाट पाहिली होती, की मला तो माझ्याशी मुद्दाम असा वागतोय असंच वाटलं. रडू यायच्या बेतात होतं. पंचफुलानं एका कोळणीला विचारलं, "बाई, पाणी कुठी गेलं वं?"

"ओहोटी हाय," ती हसून म्हणाली. "येल सांजच्याला."

"येते म्हणते," पंचफुला मला म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन एका खडकावर बसली. तिनं शिदोरी सोडली. भाकर, ठेचा, वरून कांदा. मी बाजूला बसलो. "तवरक सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"पुढची गोष्ट. आठवी. कोणी आयकली नाई थे."

मी सांगायला लागलो. मला ती अजून सुचली नव्हती, म्हणून सांगता सांगता बनवत गेलो. सुभेदाराची मुलगी मी आणली नाही. विजयमालेवर भुजंगरावाबरोबर वऱ्हाडातली एक बाई होती, आणि वादळात सगळे घाबरले असताना ती म्हणत होती, डोळे उघडा, चांगलं आहे. पंचफुला मध्येच अडवत होती. "असं नाई, ती कायले भीन?" किंवा "जेवाले काय करते थे जहाजात?" असं विचारत होती. भुजंगरावाच्या स्वैपाकाचा विचार मी सात कादंबऱ्यांत केला नव्हता. ऊन कलत गेलं. वाऱ्याला खारट, ओला, कुजका आणि तरीही छातीभर घ्यावासा वाटणारा एक वास येऊ लागला. मी बोलतच होतो.

"आला," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती रेघ रेघ राहिली नव्हती. डबक्यांत पाणी हललं, एक खडक नाहीसा झाला, मग दुसरा. कुशीवरची होडी जराशी उचलली गेली आणि सरळ झाली. आवाज आता पोचला, सारखा, न थांबणारा. मला आजवर वापरलेलं एकही विशेषण आठवेना.

पंचफुला उठली आणि सरळ पुढे गेली. पाणी तिच्या पावलांवर आलं, घोट्यांवर आलं. लुगडं भिजलं, ते तिनं वर उचललं नाही. अजून थोडी पुढे गेली आणि मग वळून, वाऱ्यात मोठ्यानं हाक मारली.

"अवो! या ना!"

मला पोहता येत नाही. विहिरीत पाहिलं तरी मला गरगरतं. मी खडकाला टेकलो आणि वहाणा काढल्या.